दुसरी पसंती : आयोवातल्या एका मराठी घराची कॉकसची रात्र

पार्श्वभूमी

आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरांचं राज्य. लोकसंख्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडी जास्त, एकतीस-बत्तीस लाख. अमेरिकेच्या राजकारणात अशा राज्याला एरवी कुणी विचारलं नसतं. पण १९७२ पासून २०२० पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची शर्यत इथल्या कॉकसपासून, म्हणजे पक्षाच्या मतदानसभांपासून, सुरू व्हायची, म्हणून दर चार वर्षांनी बडी बडी माणसं थंडीत इथल्या शाळा, कॅफे आणि गोठे पालथे घालायची. २०२० मध्ये पक्षाच्या देशभरातल्या ३,९७९ निवडून द्यायच्या प्रतिनिधींपैकी आयोवाचे होते फक्त ४१. आकडा नगण्य, पण पहिला नंबर होता आणि त्यालाच भाव होता.

राज्याची राजधानी डि मॉइन हे विम्याचं शहर. त्याच्या पश्चिमेला मक्याच्या शेतांवर उपनगरं वाढली आणि विमा कंपन्यांच्या आयटी खात्यांमुळे तिथे तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी घरं आली. त्यातल्याच एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्या रात्रीच्या खोलीतले आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. माणसांना त्यांच्या घरातल्या नात्यांनीच ओळखू.

आई एका आरोग्यविमा कंपनीत बिझनेस अॅनालिस्ट. बाबा शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. दोघं २०१८ मध्ये नागरिक झाले, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देण्याची ही पहिलीच वेळ. लेक बारावीत, वय १७. पण ३ नोव्हेंबर २०२० पर्यंत जे १८ पूर्ण करतील त्यांना कॉकसला बसता येतं असा आयोवाचा नियम, म्हणून तीही मतदार. आबा म्हणजे बाबांचे वडील. साताऱ्याकडचे, दिवाळीला व्हिजिटर व्हिसावर आलेले. सोसायटी आणि साखर कारखान्याच्या पॅनेलच्या निवडणुकांत त्यांचं आयुष्य गेलेलं. २०१९ च्या नोव्हेंबरात मुंबईतलं सरकार कसं जमलं ते त्यांनी रात्र रात्र जागून पाहिलं होतं आणि त्या मानाने इथलं राजकारण त्यांना मिळमिळीत वाटत होतं. पाचवा माणूस घरातला नव्हे, पण रोजचा. बाबांचा मित्र, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर दहा वर्षांहून जास्त काळ, ग्रीनकार्डच्या रांगेत. त्याला मत नाही. आबांनाही नाही.

कॉकस तेव्हा कसा चालायचा ते आधी सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्या नियमांवर फिरतं. इथे मतपेटी नसायची. ठरलेल्या संध्याकाळी आपापल्या प्रिसिंक्टचे, म्हणजे वॉर्डासारख्या छोट्या विभागाचे लोक एका शाळेत किंवा चर्चमध्ये जमायचे आणि ज्याला पाठिंबा द्यायचा त्याच्या कोपऱ्यात जाऊन चक्क उभे राहायचे. चार किंवा त्याहून जास्त डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या काउंटी (जिल्हा) अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी, निवडणाऱ्या प्रिसिंक्टमध्ये हजर लोकांपैकी १५ टक्के ज्याच्या कोपऱ्यात जमले तो 'व्हायेबल', म्हणजे टिकला. जो टिकला नाही त्याच्या माणसांनी दुसऱ्या फेरीत दुसरीकडे जायचं, एकत्र येऊन आणखी कुणाला टिकवायचं किंवा घरी जायचं. २०२० मध्ये एक बदल केला होता: पहिल्या फेरीत जो टिकला, त्याच्या माणसांना जागा सोडता येणार नव्हती. कार्डावर सही केली की विषय संपला. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात दुसऱ्या पसंतीची मतं मोजतात, साधारण तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे दुसरी पसंती आधी कागदावर लिहून ठेवायची नाही. ती पाव तासात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, पायांनी चालत जाऊन दाखवायची.

प्रश्न

२०१९ च्या उन्हाळ्यात घरात वाद नव्हता. आईची कमला हॅरिस यांच्यावर श्रद्धा होती. हॅरिस यांची आई चेन्नईची आणि त्या स्वतः सिनेटर, हे कारण होतंच. पण दुसरं कारण मित्राचं होतं. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीनकार्डांपैकी एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त न देण्याची मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं आणि सिनेटमध्ये अडकलं होतं. हॅरिस त्याच्या सहप्रस्तावक. दारावर आलेल्या कार्यकर्तीला आईने 'कमिट कार्ड', म्हणजे पाठिंब्याचं वचन, भरून दिलं. बाबा म्हणाले, तुझं तेच माझं.

३ डिसेंबरला हॅरिस यांनी माघार घेतली आणि घर उघड्यावर पडलं.

पुढच्या दोन महिन्यांत तिघांनी तीन वाटा धरल्या. लेक बर्नी सँडर्स यांच्याकडे गेली. सार्वजनिक कॉलेज फुकट, शिक्षणकर्ज माफ, हवामानबदल. शाळेतल्या तिच्या निम्म्या मैत्रिणी तिकडेच होत्या. बाबा जो बायडेन यांच्याकडे. त्यांचा युक्तिवाद एका आकड्यावर उभा होता: २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्यं मिळून ८० हजारांहून कमी मतांनी गेली, ती परत आणू शकेल असा माणूस द्या, बाकी गप्पा नंतर. चीनशी चाललेल्या आयातकराच्या भांडणात सोयाबीनचे भाव पडले, शेतकऱ्याने नवी यंत्रं घेणं लांबवलं, याची झळ त्यांच्या कारखान्याला बसत होती. त्यांना ट्रम्प जायला हवे होते. कुणामुळे जातात याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं.

आईची अडचण सगळ्यात खरी होती. मनाने ती एलिझाबेथ वॉरन यांच्याकडे झुकत होती. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, डि मॉइनच्या ड्रेक विद्यापीठात सहा उमेदवारांची वादचर्चा झाली. मंचावरचे पुरुष मिळून दहा निवडणुका हरले आहेत आणि आम्ही दोघी बायका एकही हरलेलो नाही, असं वॉरन तिथे म्हणाल्या. आईने सोफ्यावरून बाबांकडे वळून पाहिलं. 'निवडून कोण येईल' हा बाबांचा हुकमाचा पत्ता होता आणि तो कुणीतरी त्यांच्यासमोर फाडला होता.

पण वॉरन यांची योजनाही शेवटी खाजगी आरोग्यविमा संपवण्याकडेच जात होती. सँडर्स चार वर्षांत सगळ्यांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात आणू म्हणत होते. वॉरन आधी सरकारी विम्याचा पर्याय देऊन तिसऱ्या वर्षी पूर्ण बदल करू म्हणत होत्या. दोन्हींचा अर्थ आईच्या नोकरीपुरता एकच होता. एमी क्लोबुशार, पीट बुटिजेज आणि बायडेन यांचा सूर वेगळा: खाजगी विमा राहू द्या, शेजारी सरकारी विमा उघडा, ज्याला हवा तो घेईल. आईला मेडिकेअर फॉर ऑल तत्त्वतः पटत होतं. बाळंतपणाच्या बिलावर या देशातले लोक कसे वर्षभर फोन करत बसतात ते तिने कंपनीच्या आतून पाहिलं होतं. पण घराचा हप्ता त्याच कंपनीच्या पगारातून जात होता. चांगल्या राजकारणाची किंमत स्वतःच्या खिशातून द्यायची वेळ आली की माणूस काय करतो, हा प्रश्न आयोवात त्या वर्षी बऱ्याच विमा कर्मचाऱ्यांपुढे होता. त्यावर उघड बोलणारे मात्र मला थोडेच भेटले.

या तिघांच्या भांडणात मित्राचा प्रश्न मागे पडत गेला. तो दर शुक्रवारी यायचा आणि विचारायचा, "वहिनी, ग्रीनकार्डाबद्दल कोण काय म्हणतंय?" आई म्हणायची, बघते. ज्याचं सगळ्यात जास्त पणाला लागलं होतं, त्याचा मुद्दा हॅरिस यांच्याबरोबर घरातून निघून गेला होता आणि त्याला मत नसल्यामुळे तो परत आणायची कुणाला घाईही नव्हती.

समोर असलेले पर्याय

१ फेब्रुवारीला शनिवार होता आणि रथसप्तमीही. आईने शेवटचं हळदीकुंकू त्या दिवशी ठेवलं होतं. आजूबाजूच्या पाच-सहा घरांतले लोक जमले, वाणाचे डबे वाटून झाले आणि मग उरलेल्या तिळगुळाबरोबर दिवाणखान्यात खरी चर्चा सुरू झाली. चर्चा म्हणजे एकमेकांना कापत बोलणं, पण सोमवारच्या आधी या विषयावर सगळे एकत्र बसले ते त्याच दिवशी.

आबांचा पर्याय सरळ होता: एकगठ्ठा. त्यांनी जमलेल्यांत मतं किती ते मोजलं. दहा. "अहो, दहा मतं एका बाजूला टाका, मग तुम्हाला कोणीतरी विचारेल. तीन कोपऱ्यात तीन उभे राहिलात तर कोण ओळखतंय तुम्हाला?" त्यांच्या मते माणूस कोण हे दुय्यम. आधी गठ्ठा करा, मग गठ्ठ्याच्या बदल्यात मागा. मागायचं काय, तर मित्राचं ग्रीनकार्ड. मला आजही वाटतं की त्या खोलीत राजकारण समजणारा एकच माणूस होता आणि त्याच्याकडे पर्यटकाचा व्हिसा होता.

लेकीने तो पर्याय एका वाक्यात मोडला. "माझं आयुष्यातलं पहिलं मत आणि ते तुमच्या पॅनेलला?" कुणीच तिला विरोध केला नाही. इथे आलेल्या पिढीला आपण गावाकडचं भावकीचं राजकारण करत नाही याचा जरा अभिमानच असतो.

दुसरा पर्याय प्रत्येकाने आपल्या मनाचं करण्याचा. तो कुणी मांडला नाही, तो उरला.

तिसरा आईने विचारात घेतला. कॉकसमध्ये 'अनकमिटेड', म्हणजे कुणाचाच नाही, असाही गट करता यायचा. तिथे उभं राहायचं, खोलीचा अंदाज घ्यायचा आणि दुसऱ्या फेरीत ठरवायचं. पण सगळे कार्यकर्ते येऊन आपल्याला गळ घालणार, या कल्पनेनेच ती संकोचली. लग्नात ना वराकडची ना वधूकडची अशी पाहुणी होण्यासारखं ते तिला वाटलं.

चौथा पर्याय न जाण्याचा. कॉकस सोमवारी संध्याकाळी सात वाजता. त्याच सुमारास पुण्यात मंगळवारची सकाळ उजाडते आणि आईच्या टीमचा आठवड्याचा कॉल असतो. बाबांची पाठ थंडीत धरते. हा पर्याय ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण आयोवातले बहुसंख्य नोंदणीकृत मतदार दर वेळी तोच निवडायचे. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक कॉकसला साधारण १ लाख ७६ हजार लोक आले, २००८ मध्ये ओबामांच्या वेळी जवळपास २ लाख ४० हजार आले होते. आईने कॉल पुढे ढकलला.

बाबांनी मात्र निर्णयच पुढे ढकलला. बायडेन नक्की, असं ते म्हणत होते, पण शनिवारी रात्री 'डि मॉइन रजिस्टर'चा शेवटचा पोल येणार होता. आयोवात त्या पोलला भविष्यवाणीचा मान. बायडेन त्यात खाली दिसले तर दुसरं बघू, असा त्यांचा बेत. हळदीकुंकवाची भांडी आवरून सगळे टीव्हीसमोर बसले आणि पोल आलाच नाही. एका मुलाखतीत बुटिजेज यांचं नाव वाचलं गेलं नाही अशी तक्रार आली होती, म्हणून वृत्तपत्राने तो छापायचाच नाही असं ठरवलं. बाबांचं 'दुसरं बघू' तिथेच राहिलं. रविवारी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, होता.

३ फेब्रुवारीची संध्याकाळ

शाळेचं कॅफेटेरिया. दारात नावनोंदणीची रांग, सातच्या आत रांगेत असणं सक्तीचं. बाबा 'कुठल्याही पक्षाचे नाहीत' असे नोंदलेले होते, त्यांनी तिथेच फॉर्म भरून पक्ष लावला. आयोवात हे चालायचं. आबा आणि मित्र मागे निरीक्षकांच्या खुर्च्यांवर. आबांना विश्वास बसत नव्हता. "सगळ्यांच्या देखत? आणि उद्या तोंडं कशी दाखवतात एकमेकांना?"

हजर लोक ३०० धरू. म्हणजे टिकायला ४५ हवेत. प्रिसिंक्टला ९ डेलिगेट.

पहिला निर्णयबिंदू आईचा. ती घरून निघताना वॉरन यांच्याकडे जायचं ठरवून निघाली होती, असं तिने गाडीत लेकीला सांगितलं होतं. खोलीत शिरल्यावर तिला क्लोबुशार यांच्या कोपऱ्यात तिच्या कंपनीतली चार माणसं दिसली, त्यात तिची वरिष्ठही. हात हलवले गेले. आई तिकडे गेली. नंतर तिने कारण दिलं की क्लोबुशार शेजारच्या मिनेसोटाच्या, आयोवाचे सगळे ९९ काउंटी फिरलेल्या, आणि त्यांचा विम्याचा मुद्दा व्यवहार्य. हे सगळं खरं आहे. पण "गुप्त मतदान असतं तर?" असं विचारल्यावर ती थोडी थांबून म्हणाली, "कदाचित वॉरन."

लेक सँडर्स यांच्याकडे, बाबा बायडेन यांच्याकडे. पहिली मोजणी अशी झाली: बुटिजेज ७८, वॉरन ६०, क्लोबुशार ५२, सँडर्स ५०, बायडेन ३४, अँड्र्यू यांग १६, उरलेले १० इकडेतिकडे.

बायडेन टिकले नाहीत. अकरा माणसं कमी पडली.

आबांनी मागच्या खुर्चीवरून बोटं मोजली आणि मित्राला कोपर मारलं. हळदीकुंकवाला मोजलेल्या दहा मतांपैकी एकटे बाबा त्या कोपऱ्यात होते. गठ्ठा झाला असता तर उरलेली नऊ तिथे पोचली असती आणि यांगकडचे दोघं ओढून ४५ भरले असते. बायडेन यांना एक डेलिगेट मिळाला असता. त्या दहापैकी एकट्या बाबांनाच बायडेन हवे होते ही गोष्ट वेगळी, पण हिशेब आबांच्या बाजूने होता.

आता खरी गंमत सुरू झाली. आई आणि लेक दोघींचे उमेदवार टिकले होते, त्यामुळे दोघींचे पाय बांधले गेले. दोन महिने सगळ्यात जास्त बोललेली माणसं आता काहीच करू शकत नव्हती. ज्याने सगळ्यात कमी विचार केला होता तोच मोकळा होता. बायडेन यांच्या कॅप्टनने, म्हणजे तो कोपरा सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने, आधी यांगच्या माणसांना गाठलं: आमच्याकडे या, टिकलो तर डेलिगेट म्हणून तुमच्यातलाच पाठवू. यांगची पोरं आपसांत कुजबुजली, त्यातली निम्मी सँडर्स यांच्याकडे वळली आणि बायडेन यांचा कोपरा विरघळायला लागला.

दुसरा निर्णयबिंदू बाबांचा. लेक धावत आली. "बाबा, तू माझ्या कॉलेजचा विचार कर फक्त." आई आली, ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. वीस वर्षांच्या संसारात तेवढं पुरतं असं तिला वाटलं असावं. बाबा दोघींकडे बघत होते. त्यांच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा आकडा होता, पोल नव्हता आणि बायडेन नसतील तर कोण, यावर घरात दोन महिन्यांत एक वाक्यही झालेलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या घरातला शेजारी आला. ज्याच्या स्नोब्लोअरने दर हिवाळ्यात यांचा ड्राइव्हवे साफ होतो तो. बुटिजेज यांचं स्टिकर लावलेला. तो म्हणाला, मध्यममार्गी आहे, तरुण आहे, तुझं मत वाया जाणार नाही, चल. बाबा चालत त्याच्याबरोबर गेले.

शेवटची मोजणी: बुटिजेज ९७, वॉरन ७०, क्लोबुशार ६८, सँडर्स ५८, सात जण निघून गेले. डेलिगेट अनुक्रमे ३, २, २, २. बाबा आईकडे गेले असते किंवा लेकीकडे, तरी हे आकडे बदलले नसते. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण परतताना गाडीत जी शांतता होती ती आकड्यांमुळे नव्हती.

निकाल

त्या खोलीचा निकाल नऊच्या आत लागला. राज्याचा लागेना. आकडे कळवायला पक्षाने नवं मोबाइल अॅप आणलं होतं, ते कोसळलं. फोनच्या लाइन तुंबल्या. साताऱ्याकडे तेव्हा सकाळ झाली होती, आबा व्हॉट्सअॅपवर मित्रमंडळींना सांगत होते की अमेरिकेला मतमोजणी जमत नाही आणि त्यांच्या आवाजात जे समाधान होतं त्याला तोड नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६२ टक्के प्रिसिंक्टचे आकडे आले. पुढे फेरतपासणी, चुका, दुरुस्त्या चालूच राहिल्या. असोसिएटेड प्रेसने विजेता जाहीर करायचं नाकारलं. राज्य पक्षाध्यक्षांनी राजीनामा दिला.

अखेर जे चित्र उभं राहिलं ते या घराशी विलक्षण जुळतं. पहिल्या फेरीत सँडर्स पहिले, साधारण २४.७ टक्के, बुटिजेज २१.३. दुसऱ्या फेरीनंतर सँडर्स २६.५ आणि बुटिजेज २५.१. बायडेन १५ वरून १३.७ वर घसरले. दुसऱ्या पसंतीचा सगळ्यात मोठा फायदा बुटिजेज यांना झाला आणि आयोवाच्या त्या ४१ प्रतिनिधींच्या हिशेबात ते १४ विरुद्ध १२ असे पुढे राहिले. राज्यभर बाबांसारखी हजारो माणसं पाव तासात कुणातरी शेजाऱ्याबरोबर चालत गेली होती.

मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडेन जिंकले, १ मार्चला बुटिजेज आणि २ मार्चला क्लोबुशार बाहेर पडून त्यांच्या मागे उभे राहिले, ५ मार्चला वॉरन थांबल्या, ८ एप्रिलला सँडर्स. आईची पसंती आणि बाबांची दुसरी पसंती, दोन्ही वळसा घालून बाबांच्या पहिल्या पसंतीपाशी आल्या. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी हॅरिस आल्या, म्हणजे आईचं पहिलं कमिट कार्डही एका अर्थी वटलं. लेक उन्हाळ्यात अठरा वर्षांची झाली आणि नोव्हेंबरात तिने बायडेन यांना मत दिलं, नाक मुरडून. आयोवा ट्रम्प यांनी आठ टक्क्यांच्या फरकाने घेतलं.

मित्राचं विधेयक २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने बदल करून मंजूर केलं. दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ काही बसला नाही आणि जानेवारीत काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली तसं ते निकालात निघालं. तो रांगेतच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या पसंतीवर या घराने दोन महिने घालवले आणि तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही. वॉरन आणि क्लोबुशार यांच्यातला फरक आईला जितका कळला होता तितका तिथल्या कित्येक जन्मजात आयोवाकरांना कळला नसेल. पण कॉकसचा नियम डोळ्यासमोर ठेवला असता तर प्रश्न असा मांडायला हवा होता: तुझा माणूस पडला तर तू कुठे जाशील आणि कुठे मुळीच जाणार नाहीस? हा प्रश्न विचारला की वादाची जातच बदलते. पहिल्या पसंतीत माणूस स्वतःची ओळख सांगतो. दुसऱ्या पसंतीत त्याला काय सोडवत नाही ते कळतं. बाबांना बायडेन का हवे, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. ट्रम्प जावेत यासाठी ते विम्याबद्दल, कर्जमाफीबद्दल किती तडजोड करतील, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं आणि लेकीने ते डिसेंबरातच विचारलं असतं तर तिला सोमवारी धावावं लागलं नसतं.

बंदिस्त पहिल्या फेरीचा नियम आधी कळला होता, वापरला मात्र गेला नाही. जिचे दोन उमेदवार जवळजवळ सारखे आवडीचे आहेत, तिने कमजोर कोपऱ्यातून सुरुवात केली तर हातात दोन संधी राहतात. आईने टाळलेला अनकमिटेडचा पर्याय त्या दृष्टीने सगळ्यात सोयीचा होता. संकोच आडवा आला. उघड मतदानात संकोच हाही एक मतदार असतो. वरिष्ठांच्या देखत वॉरन यांच्या कोपऱ्यात उभं राहणं तिला कदाचित महाग पडलंही नसतं, पण त्याचा विचार घरी शांतपणे होऊ शकला असता. आदल्या रात्री प्रत्येकाने तीन नावं चिठ्ठीवर लिहून, न दाखवता, खिशात ठेवली असती तरी पुरलं असतं.

पोलची वाट बघण्याबद्दल फार लिहायला नको. जो निर्णय दुसऱ्याच्या आकड्यावर टांगलेला असतो, त्याची एक पर्यायी तारीख ठरवून ठेवावी एवढंच.

आबांच्या एकगठ्ठ्याबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. लेकीचा नकार बरोबरच होता. पहिलं मत कुणाच्या तरी पॅनेलला देऊन नागरिकत्वाची सुरुवात करावी असं मीही तिला सांगितलं नसतं. पण आबा उमेदवाराबद्दल बोलतच नव्हते. ते मित्राच्या ग्रीनकार्डाबद्दल बोलत होते, आणि त्या खोलीत तो विषय काढणारे तेवढेच. दहा मतांनी सगळ्या कॅप्टनांना हळदीकुंकवाला बोलावून एक प्रश्न विचारला असता, तर गठ्ठा न बांधताही त्याचा अर्धा उपयोग झाला असता. प्रचाराचे कार्यकर्ते त्या आठवड्यात कुणाच्याही घरी तिळगूळ खायला आले असते.

आता ही सगळी चर्चा आयोवापुरती इतिहासजमा आहे. २०२३ मध्ये पक्षाने पहिला क्रमांक साउथ कॅरोलायनाला दिला. २०२४ मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅट मतदारांनी पसंतीचं कार्ड पोस्टाने पाठवलं आणि निकाल ५ मार्चला लागला. कार्डावर एकच नाव भरायचं. कोपरा नाही, शेजारी नाही, दुसरी फेरी नाही.

हा मजकूर बाबांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चिठ्ठीच्या कल्पनेवर आक्षेप घेतला. म्हणाले, चिठ्ठी लिहायला लावली असती तर दुसऱ्या नंबरवर मी क्लोबुशार लिहिलं असतं, कारण ती चिठ्ठी हिने कधीतरी पाहिलीच असती. आई आतून म्हणाली, "पाहिली असती."